नोंद कोणाच्या हातची?

९ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी शिक्षिका फातिमा शेख यांची जयंती म्हणून अलीकडे जो दिवस पाळला जातो नेमक्या त्याच दिवशी, एका नामवंत लेखक-पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की या नावाची बाई इतिहासात झालीच नाही. ती आपणच रचून आंतरजालावर सोडलेली व्यक्तिरेखा होती. हा मजकूर बघता बघता पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांत पोचला, आणि ज्या शहरात फुले दांपत्याने शाळा काढल्या त्याच शहरातली शिकलीसवरलेली माणसे ‘आम्हाला शंका होतीच’ असे म्हणत तो पुढे ढकलू लागली. खरे तर शहानिशा करायला फार लांब जावे लागत नव्हते. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेले पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे, आणि हा ग्रंथ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ सालीच प्रसिद्ध केला आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा अर्थाचे वाक्य त्या पत्रात आहे. ते ओघात आलेले आहे, कोणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेले नाही, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे.

इथपर्यंतची बाजू सोपी आहे. अडचण पुढे सुरू होते. फातिमाबाईंची जन्मतारीख, त्यांचे शिक्षण, त्यांचा स्वभाव यांविषयी जालावर जो तपशील फिरतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना त्या पत्रातल्या एका वाक्याइतका भक्कम आधार मिळत नाही. प्रेमापोटी, अभिमानापोटी, कधी नुसत्या नकलेने हा तपशील वाढत गेला. २०२२ साली गूगलने ९ जानेवारीला त्यांचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर लावले तेव्हा त्या तारखेवर जणू शिक्काच बसला. ज्या बाईविषयी कागदावर एक वाक्य उरले आहे तिचे चरित्र जालाने पानेच्या पाने लिहिले, आणि त्याच पानांवर बोट ठेवून दुसऱ्या कोणाला तिचे अस्तित्वच पुसता आले. मला या दोन्ही कृतींमागचा हेतू सारखा वाटत नाही. पण दोन्ही शक्य झाल्या त्या एकाच कारणाने: मूळ नोंद विरळ होती, आणि ती विरळ होती कारण १८५६ साली पुण्यातल्या एका मुसलमान शिक्षिकेची नोंद ठेवणे कोणालाच महत्त्वाचे वाटले नव्हते.

आंतरजालावर स्त्रिया, पारलिंगी व्यक्ती, आदिवासी, भटके-विमुक्त, मुसलमान, ईशान्येकडून आलेले लोक कसे दिसतात, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा संख्येवर येते: किती चेहरे दिसले, किती चित्रे आली, किती नावे यादीत आहेत. (‘वांशिक अल्पसंख्य’ ही बाहेरून आलेली कोटी आपल्याकडे नीट बसत नाही, आपल्याकडे वंश, जात, धर्म आणि भाषा यांच्या सीमा एकमेकींत शिरलेल्या असतात, म्हणून ही यादी मी मुद्दाम सैल ठेवली आहे.) संख्येचा मुद्दा मी नाकारत नाही, पण माझ्या मते तो दुय्यम आहे. या लोकांविषयी लिहितो कोण, कोणत्या पुराव्यावर लिहितो, आणि लिहिलेले चुकले तर ते दुरुस्त करून घेण्याचा किंवा सरळ नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे की नाही, हा खरा वाद आहे. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर हे लोक जालावर भरपूर आहेत, पण कर्म म्हणून. वाक्याचा कर्ता दुसराच कोणी असतो.

याला उलटे उदाहरणही याच शहरातले आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. त्यात ती आपल्या लोकांविषयी दुरून बोलत नाही. ‘आम्ही’ म्हणून बोलते, थेट धर्माच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. जालावर आज तिचा उल्लेख वारंवार येतो, आणि तो आलाच पाहिजे. परंतु त्या निबंधानंतर तिच्या आयुष्याचे काय झाले याचा मागमूस नाही. ज्या समाजाच्या हाती छापखाना नव्हता, त्याच्या लेकीने एकदा कर्तेपण मिळवले आणि मग ती नोंदीतून नाहीशी झाली. दीडशे वर्षांनी आलेल्या जालाला ती सापडणार कुठून?

जाल नव्याने काही पाहते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते जुन्या कागदांचे वारसदार आहे, आणि वारसाबरोबर कर्जही येते. विकिपीडियाचे उदाहरण इथे सर्वांत स्वच्छ आहे, कारण तिथले नियम लेखी आहेत आणि बहुतेक माणसे ते मनापासून पाळतात. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या पदार्थवैज्ञानिकेवरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर २०१८ च्या मे महिन्यात नाकारला गेला, कारण तिची उल्लेखनीयता सिद्ध करणारे पुरेसे संदर्भ जोडलेले नव्हते; २ ऑक्टोबरला तिला भौतिकीचे नोबेल जाहीर झाले. मारी क्यूरी आणि मारिया गोपर्ट-मायर यांच्यानंतरची ती या विषयातली तिसरी स्त्री. मसुदा नाकारणाऱ्याने द्वेषाने काही केले नव्हते. त्याने नियम लावला. नियम म्हणत होता की इतरांनी जिच्याविषयी लिहिले तीच उल्लेखनीय. आणि इतरांनी लिहिले नव्हते. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे २०१४ च्या सुमारास पंधरा टक्क्यांच्या आसपास होती. त्यासाठी खास चळवळ उभी राहिली, हजारो लेख लिहिले गेले, आणि आता तो वाटा विसाच्या आसपास आला आहे. दशकभराच्या कष्टाने पाच टक्के.

मराठीत हा फास आणखी आवळला जातो. १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरचे लेख लाखाच्या आसपास आहेत, आणि त्यांना संदर्भ लागतो तो बहुधा मराठी वृत्तपत्राचा. त्या वृत्तपत्रांत कोण बसते? भारतीय माध्यमांतल्या १२१ नेतृत्वाच्या जागांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातींतले कोणीही नव्हते. तो अभ्यास प्रामुख्याने इंग्रजी-हिंदी माध्यमांचा होता, हे खरे. पण आपल्या पेठांतल्या संपादकीय खोल्यांचे चित्र फार वेगळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. मृत्युलेख कोणाचा चार स्तंभांत येतो आणि कोणाचा चार ओळींत, हे दहा दिवस वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही कळते. त्या चार ओळी पुढे विश्वकोशात संदर्भ म्हणून अपुऱ्या ठरतात, विश्वकोशात लेख नसल्याने शोधयंत्र त्या माणसाला वर आणत नाही, आणि शोधयंत्रात दिसत नाही म्हणून पुढचा पत्रकार त्याच्याकडे जात नाही. या साखळीत एकही दुष्ट माणूस नाही. म्हणूनच ती तोडणे कठीण आहे.

भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत तर न लिहिण्यापेक्षा लिहिण्यानेच घात केला आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या समाजांवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी उठवला. कायदा गेला, मथळा राहिला. ‘पारधी टोळी जेरबंद’ ही शब्दरचना मराठी बातम्यांत इतकी रुळलेली आहे की ती लिहिणाऱ्याला आपण जातीचे नाव लिहिले हेही जाणवत नाही. सराफी दुकान फोडणाऱ्या इतर कोणत्याही चौकडीच्या आडनावांवरून ‘अमुक जातीची टोळी’ असा मथळा कोणी केलेला मला आठवत नाही. पूर्वी ही बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे. आता ती जात नाही. पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या पारधी मुलाच्या वर्गमित्राने कुतूहलाने त्याच्या समाजाचे नाव शोधपेटीत टाकले, तर त्याच्यासमोर वीस वर्षांच्या पोलीस-बातम्यांचा ढीग येतो, आणि त्या ढिगाला उत्तर देणारे त्या समाजातल्या माणसाने लिहिलेले पान त्यात असलेच तर कुठेतरी तळाशी असते. साहेबाच्या कायद्याला ऐंशी वर्षांनी तरी मरण आले. शोधयंत्राच्या स्मरणाला मुदत नाही.

यंत्रांनी आता वाचण्याबरोबर बघायला आणि लिहायलाही सुरुवात केली आहे, तेव्हा हाच वारसा तिथेही गेला आहे. चित्रे ओळखायला यंत्रांना शिकवण्यासाठी जो इमेजनेट नावाचा प्रचंड संग्रह वापरला गेला, त्यातली पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक चित्रे अमेरिकेतली होती. भारत आणि चीन मिळून जगाची छत्तीस टक्के लोकसंख्या, आणि संग्रहातला वाटा सुमारे तीन टक्के. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधिकांनी २०१८ साली दाखवून दिले की चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या बाजारातल्या यंत्रणा उजळ पुरुषांच्या बाबतीत फार तर ०.८ टक्के चुकत होत्या, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा ३४.७ टक्क्यांपर्यंत जात होता. चेहऱ्यांची ही मोजणी वाचताना मला हटकून इरावती कर्वे आठवतात. त्यांनी बर्लिनमध्ये ओयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या मोजमापांवर प्रबंध केला; गोऱ्या आणि इतर वंशांच्या कवट्यांत अमुक फरक असतो, अशी मार्गदर्शकाची धारणा होती, आणि या विद्यार्थिनीने मोजून सांगितले की तसा फरक आढळत नाही. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी स्वतःही असंख्य माणसांची मोजमापे घेतली, आणि त्या पद्धतीवर आज आक्षेप घेता येतील. पण त्यांच्या हातातली मोजपट्टी कोणती, मोजणारी कोण आणि निष्कर्ष काय, हे सगळे उघड होते. वाद घालायला समोर नाव होते. आजची मोजपट्टी बंद खोलीत आहे.

मराठीपुरता एक मुद्दा असा आहे की जो इंग्रजीतल्या चर्चेत कधी येणारच नाही. आपल्या ‘मी’ला लिंग नाही, पण त्याच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला आहे. मी आलो, मी आले. मी करतो, मी करते. इंग्रजीतले वाक्य मराठीत करून देणारी यंत्रे शंका आली की ‘मी गेलो’ लिहितात, आणि मी गेली काही वर्षे ‘गेलो’चे ‘गेले’ करत बसले आहे. (कोल्हापूरकडच्या बायका बोलताना खुशाल ‘मी आलो’ म्हणतात, तो त्यांचा थाट आहे, यंत्राला तो थाट माहीत आहे असे समजून मी स्वतःची समजूत घालू शकत नाही.) आदरार्थी रूपांत तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. ‘डॉक्टर म्हणाले’ हे यंत्राला सहज येते. ‘डॉक्टर म्हणाल्या’ हे रूप त्याच्याकडून काढून घ्यावे लागते, जणू डॉक्टरीणबाईंना आदराने बोलावण्याची भाषेत सोयच नाही. सोय आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या तेव्हापासून मराठी माणूस ती वापरतो आहे. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ती कमी आली, एवढेच.

पारलिंगी व्यक्तीच्या बाबतीत ही व्याकरणाची गोष्ट रोजच्या अपमानाची होते, कारण मराठी वार्ताहराला लिंग ठरवल्याशिवाय वाक्यच पुरे करता येत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. बातमीत मात्र पहिल्या ओळीत ‘तो’, तिसऱ्या ओळीत ‘ती’, आणि कंसात टाकून दिलेले जुने नाव. मराठीत यातून वाट काढता येते. ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आणि अर्थाने कोणाचाही आहे. तो नीट वापरला तर पान-दोन पाने कोणाचा अवमान न करता लिहिता येतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे त्या व्यक्तीलाच विचारणे. पुण्यात समपथिक ट्रस्टने समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी २००२ साली काम सुरू केले आणि २०११ पासून त्यांची अभिमान पदयात्रा (प्राइड) निघते आहे, म्हणजे विचारायला माणसेच भेटली नाहीत ही सबब या शहरात चालण्यासारखी नाही.

या लोकांविषयी जालावर जी मराठी बातमी येते तिचे दोनच साचे आहेत. एक सिग्नलवरच्या टाळीचा, दुसरा ‘पहिल्या’चा: पहिली तृतीयपंथी पोलीस, पहिली तृतीयपंथी अमुक. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली एका तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिले, आणि त्या निवडीची बातमी सगळीकडे गेली. त्यानंतर त्या गावच्या पाण्याचे, रस्त्याचे, ग्रामसभेचे काय झाले, सरपंच म्हणून कारभार कसा झाला, यावर तेवढ्याच उत्साहाने लिहिलेले मी वाचलेले नाही. ‘पहिली’ झाल्यावर माणूस संपतो, उरते ते चित्र. हे कौतुक असले तरी कर्मणीच आहे.

चित्र चुकल्याने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न समंजस माणसेही विचारतात. पुण्यापुरते तरी त्याचे उत्तर देता येते. ऑगस्ट २०१२ मध्ये शहरात ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांवर हल्ल्यांच्या घटना घडल्या, पाठोपाठ धमक्यांचे लघुसंदेश फिरू लागले आणि पुणे, बंगळुरू, चेन्नई इथून हजारो माणसे मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. त्या दिवसांत फिरणाऱ्या छायाचित्रांपैकी एक ब्रह्मदेशातल्या मुसलमानांच्या कत्तलीचे म्हणून दाखवले जात होते. प्रत्यक्षात ते २०१० च्या तिबेटी पठारावरच्या भूकंपानंतर मृतदेहांजवळ उभ्या असलेल्या भिक्खूंचे होते. केंद्र सरकारला पंधरा दिवस एकगठ्ठा लघुसंदेशांवर बंदी घालावी लागली, आणि एका वेळी पाचच संदेश जातील अशी मर्यादा आली. दोन वर्षांनी, २ जून २०१४ च्या रात्री, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर धुमसत असताना हडपसरला एका तरुण मुसलमान संगणक अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर दाढी होती. खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले, आणि ते ज्या न्यायालयाने ठरवले त्याच्याशी मी इथे वाद घालत नाही. मी एवढेच म्हणते की कोण कसा दिसतो याविषयीची चित्रे पडद्यावर राहत नाहीत, रस्त्यावर उतरतात.

जालाने बोलायला जागा दिली, हे मी विसरलेले नाही. ज्यांना संपादकाने कधी दारात उभे केले नसते अशा कितीतरी दलित, आदिवासी, मुसलमान, समलिंगी तरुणांनी आपले लेखन, आपली गाणी, आपले वाद थेट लोकांसमोर आणले, आणि मराठी वैचारिक लेखनाची गेल्या पंधरा वर्षांतली ताजी हवा बहुतांशी तिथूनच आली. पण या आनंदाला दोन अटी आहेत. पहिली म्हणजे पोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगणारे पुरुष सत्तावन्न टक्के होते आणि स्त्रिया तेहतीस टक्के. दुसरी म्हणजे बोलण्याची किंमत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातल्या ९५ महिला राजकारण्यांना आलेल्या ट्विट्सचा ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने अभ्यास केला, तेव्हा त्यांतली १३.८ टक्के आक्षेपार्ह किंवा सरळ शिवीगाळीची निघाली, म्हणजे सातातले एक. आणि मुसलमान राजकारणी स्त्रियांच्या वाट्याला धर्म-वंशावरून येणाऱ्या शिव्या इतर धर्मांतल्या स्त्रियांपेक्षा जवळजवळ दुप्पट होत्या. २०२१ च्या जुलैत आणि पुन्हा २०२२ च्या पहिल्याच दिवशी बोलक्या मुसलमान स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीविना उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी उपयोजने (ॲप) उघडकीस आली. तिथे निवड अपघाताने झाली नव्हती. ज्या लिहीत होत्या, मत मांडत होत्या, त्यांनाच शोधून उभे केले होते. कर्ती झालेल्या बाईला पुन्हा कर्म करण्याचा तो उघड प्रयत्न होता.

म्हणून ‘अधिक दिसा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. अभिमान पदयात्रेत मुखवटा लावून चालणारी माणसे आजही असतात, आणि छायाचित्रकाराने त्यांचा मुखवटा उतरवण्याची वाट बघणे हे त्यांचे प्रतिनिधित्व नव्हे. न दिसण्याचा हक्क हाही प्रतिनिधित्वाचाच भाग आहे. दुसरीकडे, सगळे काही कंपन्यांच्या देखरेखीवर सोडावे तर तिथला हिशेब आपण पाहिला आहे. फेसबुकची जी अंतर्गत कागदपत्रे २०२१ साली बाहेर आली, त्यांनुसार खोटा मजकूर ओळखण्यासाठी राखलेल्या साधनांपैकी ८७ टक्के अमेरिकेसाठी होती आणि उरलेल्या जगासाठी १३ टक्के. कंपनीने हे आकडे अपुरे असल्याचे म्हटले. हिंदी आणि बंगालीसारख्या भाषांतला द्वेष ओळखणारी यंत्रणाही तिथे उशिरा आली. मग मराठीतली ठेवणीतली शिवी, जातीच्या नावाला हलकासा प्रत्यय लावून केलेला अपमान, ‘तसल्या वस्तीतला’ यातला ‘तसल्या’, हे सातासमुद्रापलीकडच्या यंत्राला काय कळणार? पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाने २०२२ साली पंचवीस हजारांवर मराठी ट्विट्स माणसांकडून तपासून द्वेषपूर्ण, अपमानास्पद, अश्लील आणि निर्धोक अशी वर्गवारी केली आणि तो संग्रह सर्वांना खुला केला. हे काम फारसे कोणाच्या चर्चेत नसते, पण ते मला पन्नास परिसंवादांपेक्षा मोलाचे वाटते. त्यात मी एकच भर घालीन: कोणता शब्द अपमानाचा, हे ठरवणाऱ्यांत ज्यांचा अपमान होतो ती माणसेही हवीत.

आणि मुळात नोंदीच दाट व्हायला हव्यात, आणि हे पुण्याला जितके शक्य आहे तितके महाराष्ट्रात इतर कुठे नसेल. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली याच शहरात ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र काढले. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली इथेच छापला गेला. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून इथे आहे आणि तिच्या संग्रहालयात राज्याच्या डोंगराळ पट्ट्यांतल्या वस्तू मांडलेल्या आहेत. अशा सगळ्या संग्रहांतली जुनी नियतकालिके देवनागरीत शोधता येतील अशा रूपात जालावर आली, तर उल्लेखनीयतेचा नियम न मोडताही कितीतरी बंद दारे उघडतील. छायाचित्रांचे मात्र वेगळे आहे. ‘कातकरी स्त्री’ एवढीच ओळ खाली असलेले छायाचित्र जालावर चढवणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा निनावी करणे. कातकरी माणसे काही पोथीत राहत नाहीत. ती मुळशी, मावळ, भोर तालुक्यांत राहतात, पुण्याहून एसटीने दोन-तीन तासांवर. छायाचित्र घेऊन वाडीवर जावे, ही कोण ते विचारावे, ते चढवावे की नाही हेही विचारावे, आणि नको म्हणाले तर चढवू नये.

हे भाबडे स्वप्न आहे असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातच झालेल्या एका कामाचा दाखला देते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यांचा संगणकीय संग्रह उभारला, आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा ठेवा २०१७ पासून ग्रामीण भारताचे लोकसंग्रहालय असलेल्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या तिथे त्यांच्या आवाजात ऐकता येतात. जातीची नोंद ठेवावी का, यावर तिथे दुमत होऊ शकते. मला ती ठेवावीशी वाटते, कारण बाबासाहेबांवरची ओवी कोणत्या वस्तीतून आली हे पुसले तर ओवीच अर्धी होते. ओवीच्या खाली एक साधी चौकट असते. तिच्यात गायिकेचे नाव, गाव, तालुका, जात, वय, शिक्षण, मुले, व्यवसाय. अनेकींच्या शिक्षणाच्या रकान्यात काही नाही, आणि तरीही त्या पानावरच्या कर्त्या त्याच आहेत. संशोधकांची नावे त्यांच्यानंतर येतात. उद्या एखादी कंपनी मराठी शिकवण्यासाठी या लाखभर ओव्या आपल्या यंत्राला वाचायला देईल, कदाचित दिल्याही असतील, आणि ते यंत्र कोणाच्या वाढदिवसाला झकास ओवी रचून देईल. ती चौकट त्या ओवीबरोबर जाणार की नाही, हे ठरवण्यासाठी ती ओवी गाणाऱ्या बाईला कोणी विचारणार असेल तर घाई करावी लागेल, कारण तिथे गायिलेल्या कित्येकजणी आता हयात नाहीत.